प्रांजलची म्हातारी

आमची सून प्रांजल भाजी करपू देते, पण वही सोडत नाही. गोष्टी लिहायचा क्लास लावलाय म्हणे. मनातली एक म्हातारी घ्यायची आणि रोज तिची एक सवय लिहायची.

सोमवारी लिहिलं, म्हातारी दाताला मिश्री लावते. मंगळवारी आमच्या बेसिनात काळी थुंकी! घरात मिश्री कोणी लावत नाही. घासून काढली मीच. प्रांजल हसली, "आई, ती खरी थोडीच आहे!"

आज क्लासने विचारलं, म्हातारीला काय हवंय? हिने लिहिलं, खिडकीजवळची खाट.

दुपारी थकून मी खिडकीजवळच्या माझ्या खाटेवर टेकायला गेले. गादी दबलेली होती, अजून ऊबदार. उशीवर मिश्रीचा ओला डाग.

"प्रांजल, आजच्या आज तिला वहीत मारून टाक. नाहीतर उद्यापासून वहीत मला राहावं लागेल."