सेनापतीची तालीम

जत्रेतल्या नाटकात सरपंच राजा होते, उपसरपंच शंभुलिंग त्यांना मारून गादी बळकावणारा सेनापती, अन् पंचायतीचे सदस्य दरबारी. बसवणारा मी. शंभुलिंग मात्र दर तालमीला ऐनवेळी खंजीर खाली ठेवून राजाच्या पाया पडायचा.

"अहो, डोळ्यांत जरा तरी हाव दिसू द्या!" ओरडून ओरडून माझा घसा बसला.

"जाऊ द्या गुरुजी, लई साधा माणूस हाय," सरपंच हसायचे.

प्रयोगाच्या दिवशी एकही दरबारी आला नाही. शेवटी एकाचा फोन लागला. तुळजापूरला दर्शनाला म्हणून निघालेले सगळे सदस्य गोव्यात होते, अन् थेट अविश्वास ठरावालाच परतणार होते.

"कुणी नेलं रे तुमाला?" सरपंच फोनवर किंचाळले.

पलीकडून फोन कट झाला. शंभुलिंग पुढं आला, खंजीर खाली ठेवला आणि नेहमीसारखा त्यांच्या पाया पडला.