नेटचा डबा

जुन्या मित्राच्या, जनूच्या, एका पत्राला महिपतींनी बावीस वर्षं उत्तर दिलं नव्हतं. 'सोबतच्या कविता वाच आणि खरं सांग, यात काही आहे का?' एवढंच त्यात विचारलं होतं. महिपतींनी उत्तरं पुष्कळ लिहिली. पण मत द्यायला आपण कोण लागून गेलो, असं वाटून दर वेळी कागद फाडला. मग उशीर झाला म्हणून लाज वाटली, आणि लाज वाटली म्हणून आणखी उशीर झाला.

आज सकाळी जनूच्या मुलीचा, शलाकाचा, ई-मेल आला. 'काका, बाबांचं पुस्तक आज पाच वाजता छापायला जातंय. पहिलं पान त्यांनी तुमच्यासाठी ठेवलंय. तुमचं काही आलं नाही तर ते कोरंच छापा म्हणतात.'

दुपारभर एका बोटाने टाइप करून महिपतींनी पत्र पुरं केलं. साडेचारला त्यांनी पाठवायची टिचकी मारली, आणि पडद्यावर इंग्रजीत उमटलं की संपर्क तुटला आहे.

त्यांनी घाईघाईने सुनेला मोबाइल लावला. भावना उल्हासनगरला ऑफिसात होती.

"टेन्शन नका घेऊ, बाबा. खाली उजवीकडे, घड्याळाजवळ, छोटं चित्र आहे बघा. त्यावर लाल फुली आहे?"

"आहे गं. माझ्याच हातून काहीतरी भलतं दाबलं गेलं."

"तुम्ही काही नाही केलंत. बाहेर जाऊन नेटचा डबा बंद करा, तीस आकडे मोजा आणि परत चालू करा."

नेटचा डबा म्हणजे मुलाने, महेंद्रने, मागच्या महिन्यात बाहेरच्या खोलीत, कपाटावर बसवलेलं यंत्र. त्यातून वायरीशिवाय आतल्या कॉम्प्युटरला नेट मिळायचं. पण आपण उठलो आणि पडद्यावरचं पत्र उडालं तर? महिपती बसल्या जागेवरून ओरडले,

"सगुणा, नेटच्या डब्याचं बटण बंद कर!"

"केलं!" बाहेरून सगुणाबाईंचा आवाज आला.

महिपतींनी तीस मोजले. खात्रीसाठी आणखी दहा मोजले.

"कर चालू!"

"केलं!"

फुली तशीच. पावणेपाच झाले.

"डब्यावर दिवे किती दिसतायत?" भावनाने विचारलं.

"सगुणा, डब्यावर दिवे किती दिसतात?"

"एक पण नाही!"

"मग डबाच उडाला, बाबा. असं करा, पत्र मला फोनवर वाचून दाखवा. मी इथून टाइप करून पाठवते."

"वाचून? म्हणजे... मोठ्याने?" महिपतींचे कान गरम झाले. "नको, नको. ते ऐकायचं नाही. ते पाठवायचं आहे."

आणि पत्र उडालं तर उडालं, असं म्हणून ते उठले.

बाहेर सगळ्या खिडक्या घट्ट लावलेल्या होत्या. कारखान्यांकडचा तो रसायनांचा वास सुटला की अंबरनाथ पश्चिमेला त्यांच्या घरात आधी खिडक्या लागायच्या, मग तांब्यापितळेची भांडी झाकली जायची. कपाटावर एक मोठं स्टीलचं पातेलं उपडं घातलं होतं. त्याच्या कडेखालून काळी वायर शेपटीसारखी बाहेर येऊन भिंतीवरच्या बटणाकडे गेली होती.

"हे काय?"

"काय म्हणजे? नेटचा डबा. वास सुटलाय ना आता. मागे तांब्याचा हंडा काळा पडला तो विसरलात?"

"अगं, मग दिवे दिसतील कसे?"

"दिवे किती दिसतात विचारलंत, मी एक पण नाही म्हटलं. पातेलं काढून बघ म्हणालात का?"

"पण झाकलंस कशाला?"

"सगळे डबा डबा म्हणता. मग डब्याला झाकण नको?"

मोबाइलमधून भावनाचं हसू ऐकू आलं. "अहो आई, स्टीलमधून नेट बाहेर येणार कसं?"

महिपतींनी दोन्ही हातांनी पातेलं उचललं. खाली चार हिरवे दिवे होते आणि त्यातला एक उड्या मारत होता. एकाहत्तराव्या वर्षी महिपती आतल्या खोलीकडे धावले.

"अहो, पडाल!" सगुणाबाई मागोमाग आल्या.

पत्र जागेवर होतं. फुली गेली होती. पाचला आठ मिनिटं होती.

बोट टिचकी मारणार, तेवढ्यात त्यांची नजर पत्रावरून फिरली. उत्तर का दिलं नाही. आपली योग्यता काय. आपला स्वभाव कसा भित्रा. पानभर तेच होतं. कवितांबद्दलची ओळ सगळ्यात खाली होती. महिपती वरून पुसू लागले.

"अहो, पुसताय काय? वेळ झाली!"

"हे सगळं माझ्याबद्दल आहे गं. पान जनूचं आहे."

शेवटी एवढंच उरलं: 'जनू, कविता खऱ्या आहेत. मला त्याच दिवशी कळलं होतं.'

"बाबा, गेलं का?" फोनवर भावना अजून होतीच.

महिपतींनी सदऱ्याचं गळ्याजवळचं बटण लावलं. मग ते उभे राहिले, आणि उभ्यानेच त्यांनी पत्र पाठवलं.