पदवीवरचं नाव

सृष्टीला पदवीच्या कागदावर आपलं खरं नाव हवं होतं. मुलगी म्हणून उघडपणे जगायला लागून तिला तीन वर्षं झाली होती, पण विद्यापीठाच्या नोंदीत अजून मल्हारी हे जुनंच नाव होतं. त्या तीन वर्षांत वडील, कारभारी आप्पा, तिच्याशी एक शब्द बोलले नव्हते. आज मात्र ते वणीहून सकाळची एसटी धरून नाशिकला आले आणि काही न बोलता तिच्यासोबत विद्यापीठ कार्यालयाच्या खिडकीपुढच्या रांगेत उभे राहिले. आईने पाठवलं असेल, असं तिला वाटलं.

"नोंद दुरुस्त करून मिळणं हा तुमचा हक्कच आहे," राजपत्र आणि ओळखपत्र तपासून खिडकीतल्या बाई म्हणाल्या. "फक्त अर्जातला एक रकाना राहिलाय. जुन्या नोंदीतली चूक कोणाची? कॉलेजची की विद्यार्थ्याची?"

सृष्टी घुटमळली. कॉलेजने तर दिलं तेच नाव लिहून घेतलं होतं.

"विद्यार्थ्याची लिहा. सगळे तेच लिहितात," बाई म्हणाल्या.

घरातही सगळे तेच म्हणत आले होते. सृष्टीने मुकाट्याने पेन टेकवलं, तसा आप्पांनी तिचा हात धरला.

"थांब पोरी," ते म्हणाले. "तुझी नाय ती."

तिच्या हातातलं पेन घेऊन त्यांनी दोन्ही पर्याय खोडले आणि शेजारी ठळक अक्षरांत लिहिलं, 'वडिलांची'.