रिकामा रगडा

एकसष्ट साली यशवंतपूरचे पाहुणे मला बघायला आले. माझी धाकटी बहीण प्रेमा सोळा वर्षांची होती. ती बोलायची नाही, रात्ररात्र जागायची. मात्र दोन तास डाळ वाटायचा दगडी रगडा फिरवला की शांत झोपायची. हा उपाय आईनंच शोधला होता. वेडी बहीण दिसली की स्थळ हातचं जातं, म्हणून त्या दिवशी आईनं तिला पहाटेपासून वड्यांची डाळ वाटायला बसवलं. हातांना फोड आले, तेव्हा कुठे ती झोपली. "वडे काय हलके झालेत! डाळ कुणी वाटली?" मुलाच्या आईनं विचारलं. "हिनंच," माझ्याकडे बोट दाखवत आई म्हणाली. एवढ्यात परसातून रिकाम्या रगड्याची घरघर ऐकू आली. आई घाईघाईनं आणखी वडे वाढू लागली. "मागं कोण आहे?" मुलाच्या आईनं विचारलं. मीच उत्तर दिलं. "कामवाली आहे, गंगव्वा." "सरी, बरं. जुनी आहे?" "सोळा वर्षं झाली," मी म्हणाले.