वाटी पुढे

अळूच्या फतफत्याचा फोटो टाकून तासही झाला नव्हता, तोच कुमुदताईंवर समाजमाध्यमावरचे लोक तुटून पडले. "आजी, हा चिखल कोण खाणार?" एकाने विचारलं आणि शेकडो जण त्यावर फिदीफिदी हसले.

खवय्यांचं जुनं संकेतस्थळ बंद पडलं, म्हणून त्या या नव्या ठिकाणी आल्या होत्या. त्या जुन्या संकेतस्थळावर पाककृती टाकली की जो तो लिहायचा, "माझी वाटी पुढे." त्यांचं उत्तर ठरलेलं असे, "बसा, वाढते."

फोटो काढून टाकायला त्यांनी बोट उचललं, इतक्यात खाली ओळ उमटली, "ताई, माझी वाटी पुढे." नाव अनोळखी होतं, पण हाक घरची होती.

"बसा, वाढते," कुमुदताईंनी लिहिलं. मग वर सरकून चिखल म्हणणाऱ्यालाही लिहिलं, "गरम आहे तोवर तूही बस रे."