भाचीच्या खोलीतली खुर्ची

इतिहासाच्या प्राध्यापकाला बहिणीने भरदुपारी बोलावून घेतलं. "दादा, पोरगी सैतानाच्या नादी लागलीय. तूच समजाव तिला."

नाद त्यानेच लावला होता. वर्गात तो रंगवून सांगायचा, की पूर्वी युरोपात नकोशा माणसांवर सैतानपूजेचा आळ घालून त्यांना जाळत; आजचे बहुतेक सैतानपंथी मात्र सैतान मानतच नाहीत, कुणापुढे मान न तुकवण्याला त्यांनी ते नाव दिलंय. पोरं टाळ्या वाजवायची. दर वर्षी वर्ग जास्तच भरायचा आणि तो मनातून सुखावायचा. भाची पहिल्या बाकावर असायची.

तिच्या खोलीत भिंतीशी गादीची एक खुर्ची रिकामी ठेवली होती.

"ही त्याची," भाची हसून म्हणाली. "तिथे कुणीच नाही, हे मला रोज दिसावं म्हणून. मामा, तूच सांगायचास ना, कुणी नसतं?"

"हो," तो म्हणाला. पण गादी मधोमध खोल दबलेली होती, कुणी बसल्यावर दबते तशी.

पोरी, चल इथून, असं म्हणावंसं त्याला वाटलं. पण मग इतकी वर्षं मिळवलेल्या टाळ्यांचं काय?

"बोललास का रे?" बाहेरून बहिणीने विचारलं.

"अगं, काही नाही. वयाचं खूळ आहे," त्याने उत्तर दिलं.

तेवढ्यात गादी हळूहळू फुगून वर आली. भाचीचं तिकडे लक्षही नव्हतं. तिने फक्त, जाणाऱ्याला वाट द्यावी तसे, पाय जवळ ओढून घेतले.