खडखड

लष्कराने लिलावात काढलेला जुना ट्रक अप्पा अळणावरच्या लाकूड वखारीसाठी चालवतात. वर्षभरापासून त्याच्या इंजिनातून एक विचित्र खडखड येत होती. रिकामे पातेले कुणी आतून खरवडत असावे तशी. वळणावर ती ऐकू आली की, हल्ली बरेच काही विसरणारी आई "आले हे" म्हणत चहा ठेवायची. दुरुस्तीचे नाव काढले की अप्पा हसून टाळायचे, "असू दे रे. म्हाताऱ्याला खोकला असायचाच."

मी हुबळीच्या एका गॅरेजात मेकॅनिक आहे. या सुट्टीत, अप्पा बाजाराला गेले असताना, मी इंजिन सुरू केले, लांब स्क्रूड्रायव्हरचे टोक त्यावर टेकवून मूठ कानाशी धरली आणि एकेका सिलिंडरचे ऐकत गेलो. तिसऱ्याच्या झडपेचे टॅपेट सैल झाले होते. तसेच राहिले असते तर भरलेल्या गाडीने एखाद्या दिवशी घाटात दगा दिला असता. मी ते नीट बसवले आणि त्यांना काही सांगितले नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ट्रक इतका हळुवार आला की अंगणातली कोंबडीही हलली नाही. अप्पांनी नेहमीपेक्षा सावकाश पाय धुतले आणि उंबऱ्यात क्षणभर थांबले. आईने त्यांच्याकडे पाहिले, पदर सावरला, चटई पसरली.

"बसा अण्णा. आमचे हे येतीलच एवढ्यात. त्यांच्या ट्रकचा आवाज अजून आला नाही."

 

अप्पांनी कोपऱ्यातला पाना उचलून माझ्या हातात दिला. "जसे होते तसे कर," ते म्हणाले.